आमच्या पोरींना शिलाई मशीनच का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही महिला गटांनी आणि आम्ही काही कार्यकर्त्यांनी मिळून एक मागणी लावून धरली आहे. कौशल्य प्रशिक्षणाचा, आदिवासी विकासाचा आणि खनिज निधीचा जो सरकारी पैसा जिल्ह्यात येतो, त्यातून इथल्या मुलींच्या वैमानिक परवान्याचा पूर्ण खर्च व्हावा, ही ती मागणी. दरवर्षी निदान काही मुलींना बारावीपासून नोकरीपर्यंत सरकारने हात द्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

मागणी ऐकून दोन प्रकारची माणसे अस्वस्थ झाली. पहिली अर्थातच सरकारी खुर्चीवरची. "ताई, आधी शिवणक्लास तर नीट चालवा, मग विमानाचं बघू," असे म्हणून त्यांनी हसण्यावारी नेले. त्यांच्या हसण्याचे आम्हाला नवल वाटले नाही. पण दुसरी माणसे आपलीच होती. वर्षानुवर्षे दारूबंदीसाठी, रेशनसाठी, रोजगार हमीच्या मजुरीसाठी आपल्या बरोबर रस्त्यावर बसलेल्या मैत्रिणींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एका पोरीवर पन्नास लाख? तेवढ्यात शंभर गटांना भांडवल मिळेल. हे श्रीमंतांचे चोचले आपल्या चळवळीत कशाला?" हा लेख मुख्यतः या मैत्रिणींसाठी आहे. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे.

चाळीस वर्षांची तीच ती यादी

स्त्रियांच्या प्रशिक्षणावर सरकार पैसा खर्च करत नाही, असे कोणी म्हणू नये. १९७९ साली ग्रामीण युवकांसाठी 'ट्रायसेम' आली. १९८२ साली खास बायकांसाठी 'ड्वाक्रा' आली. १९९९ मध्ये दोन्ही स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाल्या. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले. महाराष्ट्रात आपण त्याला 'उमेद' म्हणून ओळखतो. २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. पाट्या बदलल्या, मंत्री बदलले, फॉर्मचे रंग बदलले. पण 'महिलांसाठी' या रकान्याखालची यादी काढून बघा. शिवणकाम, भरतकाम, पापड-लोणची, अगरबत्ती, मेणबत्ती, ब्युटी पार्लर. अलीकडे त्यात संगणकावर माहिती भरणे आणि रुग्णसेवा यांची भर पडली, एवढाच काय तो फरक.

शिवणकामाला मी नावे ठेवत नाही. शिलाई मशीनने कित्येक टाकलेल्या, विधवा झालेल्या बायांची चूल पेटती ठेवली आहे. प्रश्न यादीमागच्या समजुतीचा आहे. बाईची कमाई म्हणजे घराला थोडा हातभार, खरी कमाई पुरुषाची. म्हणून बाईला असे काही शिकवावे जे घरात बसून, पोरे सांभाळून, चूल सांभाळून करता येईल. ही समजूत सरकारी कागदावर कुठे लिहिलेली सापडायची नाही. पण प्रत्येक अंदाजपत्रकात ती मुरलेली आहे.

पैशाचे गणितही याच समजुतीवर बेतलेले आहे. सरकारी कौशल्य योजनांमध्ये संस्थेला प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे तासाला साधारण चाळीस-पन्नास रुपये या हिशेबाने पैसे मिळत आले. या दरात काय शिकवता येते? खोली, फळा, दहा मशीन आणि एक कंत्राटी शिक्षिका. तीन महिन्यांनी प्रमाणपत्र वाटप, फोटो, बातमी. त्यानंतर त्या बाईला काम मिळाले का, मिळाले तर किती दिवस टिकले, हे विचारायला गावात कोणी फिरकत नाही. एकाच गावात चाळीस बाया शिवण शिकल्या आणि कपडे शिवायला टाकणारी घरे वीस, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हजारो बायांना 'प्रशिक्षित' म्हणून मोजले जाते आणि कापूस वेचायला त्याच बाया त्याच मजुरीवर जातात. तेव्हा "शंभर बायांना मिळेल ते एकीला कशाला" हा हिशेब मांडताना त्या शंभर बायांना खरोखर काय मिळते तेही मांडायला हवे.

परवाना म्हणजे काय आणि तो कोणाला मिळतो

व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी काय लागते? आजवरच्या नियमाप्रमाणे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा. रेडिओवर बोलण्याचा परवाना आणि कामापुरते पक्के इंग्रजी. आणि २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण. छोट्या विमानाचा एक तास दहा हजारांहून अधिक रुपयांना पडतो. राहणे, खाणे, परीक्षा, सगळे धरून परवाना देशातच काढायचा तरी आज खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. परवाना हातात आला म्हणून नोकरी मिळत नाही. ज्या जातीचे मोठे विमान चालवायचे त्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याचे आणखी काही लाख.

हे पैसे कोण भरते? बाप. बापाकडे नसतील तर बँक, आणि बँकेला तारण म्हणून बापाचे घर किंवा जमीन. आता आपल्या जिल्ह्यात या. कोरडवाहू कापसाची चार-पाच एकर जमीन, तिच्यावर सोसायटीचे कर्ज, वर सावकाराचे. इथे जमीन विकली जाते, नाही असे नाही. पोरीच्या लग्नासाठी विकली जाते, हुंड्यासाठी विकली जाते. पोरीच्या शिक्षणासाठी जमीन विकलेला बाप मी माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. म्हणजे वैमानिक होण्याची पहिली परीक्षा गणिताची नाही. बापाच्या सातबाऱ्याची आहे, आणि त्या सातबाऱ्यावर पोरीचा हक्क किती मानला जातो याची आहे.

भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे आणि जगाच्या सरासरीच्या ते दुपटीहून जास्त आहे, असे सरकार अभिमानाने सांगते. अभिमान आम्हालाही आहे. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचे कलकत्ता ते सिल्चर विमान केवळ स्त्रियांच्या चमूने नेले, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. बाई विमान उडवू शकते का, हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला. उरलेला प्रश्न एवढाच की कोणत्या बाईची पोर? त्या पंधरा टक्क्यांत झरी-जामणीच्या कोलाम पोडावरची किती, दिग्रस-पुसदच्या तांड्यावरची किती, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरातली किती?

सरकारचा पैसा विमानात आधीच आहे

"सरकारने विमानबिमानावर कशाला खर्च करायचा?" असे म्हणणाऱ्यांना मी यवतमाळच्या विमानतळाकडे बोट दाखवते. सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशातून औद्योगिक विकास महामंडळाने तो बांधला. २००९ मध्ये राज्य सरकारने यवतमाळ, बारामती, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद ही पाच विमानतळे रिलायन्सच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन टाकली. यवतमाळच्या धावपट्टीवर त्यानंतर वर्षानुवर्षे नियमित प्रवासी विमान उतरले नाही. शेवटी विमानतळ परत घेण्याची भाषा सरकारलाच करावी लागली. गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ प्राधिकरणाच्या भागीदारीत वैमानिक प्रशिक्षण संस्था चालते. शेजारच्या अमरावतीत बेलोऱ्याचा विमानतळ वाढवला, १६ एप्रिल २०२५ ला तिथून प्रवासी सेवा सुरू झाली. तिथेच वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या क्षमतेचे एअर इंडियाचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. जागा कोणाची? राज्याच्या विमानतळ विकास कंपनीची, म्हणजे तुमची-आमची. यवतमाळहून बेलोरा शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या कुंपणाबाहेर आमच्या बाया सोयाबीन निंदत असतील आणि कुंपणाच्या आत दिल्ली-मुंबईची पोरे उडायला शिकत असतील.

तेव्हा सरकारी पैसा विमानात घालायचा की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे नाहीच. तो घातला गेला आहे. धावपट्टी सरकारची, जमीन सरकारची, सवलती सरकारच्या. फक्त शिकणाऱ्या मुलीच्या फीची वेळ आली की सरकारला काटकसर आठवते.

आणि फीचा पैसाही सरकारने कधी दिलाच नाही, असेही नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचे नाव अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटात वर्षानुवर्षे छापलेले आहे. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरला 'महाज्योती' ही संस्था निघाली. तिने २०२१ मध्ये नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने २० विद्यार्थ्यांच्या वैमानिक प्रशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. म्हणजे सरकारी प्रशिक्षण निधीतून वैमानिक घडवणे हे तत्त्व महाराष्ट्र शासनाने मान्य केले आहे. आम्ही आकाशातला चंद्र मागत नाही. जे मान्य आहे ते आमच्या मुलींपर्यंत पोहोचवा म्हणतो.

पण पोहोचते कसे ते बघा. अख्ख्या राज्यात वीस जागा. त्यांची जाहिरात संकेतस्थळावर. बारावी विज्ञान झालेलीच मुलगी अर्ज करणार, आणि आमच्या कित्येक आश्रमशाळांत अकरावी-बारावीला विज्ञान शाखाच नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. शिष्यवृत्तीचा हप्ता किती उशिरा येतो, हे वसतिगृहातल्या कोणत्याही मुलीला विचारा. साध्या पदवीच्या मुलीची परीक्षा त्यापायी अडते, तर उडत्या विमानाचे भाडे कोण थांबवून धरणार? ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत त्या घराने लाखांचे हप्ते आधी भरावेत, मग सरकार बघेल, अशी ही रीत आहे. कागदावर दार उघडे आणि उंबरा गळ्यापर्यंत.

"तुमच्यासाठी ड्रोन दीदी आहे ना!"

आमची मागणी ऐकून एका साहेबांनी विजयी मुद्रेने सांगितले, "सरकार बायकांना पायलट करतंच आहे. ड्रोन दीदी!" हे उत्तर आता प्रत्येक बैठकीत ऐकू येते, म्हणून त्याची नीट चिरफाड करू.

२०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने 'नमो ड्रोन दीदी' योजनेला मंजुरी दिली. १५,००० बचत गट, १,२६१ कोटी रुपये. गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, त्यातले पाच दिवस ड्रोन चालवण्याचे आणि दहा दिवस शेतीच्या फवारणीचे. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख, सरकार देणार. उरलेली रक्कम गटाने कर्ज काढून भरायची. गटाला वर्षाला निदान एक लाख जादा उत्पन्न मिळेल, असे सरकारच म्हणते.

हे एक लाख दहा बायांच्या गटात वाटून बघा. बाईला महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये. यातून कर्जाचा हप्ता, बॅटरी, दुरुस्ती, ड्रोन शेतापर्यंत न्यायची गाडी. आठ लाखांचे अनुदान गटाच्या नावावर दिसते, पण ते जाते ड्रोन बनवणाऱ्या कंपनीकडे. पहिल्या वर्षीचे हजारभर ड्रोन खत कंपन्यांच्या मार्फत वाटले गेले, हेही लक्षात ठेवा. ज्यांचे खत आणि औषध फवारायचे तेच वाटणारे, आणि बाई मधली बिनपगारी नोकर.

ड्रोनच्या बाजूने एक गोष्ट मी मोकळेपणाने मांडते, कारण यवतमाळच्या माणसाला ती विसरता येणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि नंतरच्या महिन्यांत कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो जण इस्पितळात दाखल झाले, काहींची दृष्टी गेली. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. २०२० मध्ये जिल्ह्यातल्या ५१ पीडित कुटुंबांची तक्रार स्वित्झर्लंडपर्यंत गेली, आणि सिंजेंटा कंपनीविरुद्ध तिथल्या न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्यांत नवरा गमावलेल्या दोन बायाही होत्या. पाठीवर पंप घेऊन, उघड्या अंगाने, कपाशीच्या उंच झाडांत शिरून फवारण्यापेक्षा दूर उभे राहून ड्रोन चालवणे शरीराला कमी घातक, हे कोणीही मान्य करील. पण विष तेच आहे. टाकीत ते मिसळायचे हातानेच, आणि वाऱ्यावर उडालेले थेंब पडतात शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाईवर. संरक्षक कपडे, विमा, रक्ततपासणी यांचा बंदोबस्त केल्याशिवाय 'दीदी'च्या हाती विष देणे म्हणजे जो धोका कालपर्यंत गरीब पुरुषाचा होता त्यात गरीब बाईला वाटेकरी करणे.

आणि निंदणाचे काय? कपाशीचे आणि सोयाबीनचे निंदण ही आमच्या जिल्ह्यातल्या बायांची पावसाळ्यातली हक्काची मजुरी. तणनाशकांनी ती आधीच खाल्ली आहे. तणनाशक सहन करणारे बेकायदा कापूस बियाणे चोरून येते ते त्यासाठीच. उद्या एका दीदीने ड्रोनने तणनाशक मारले की त्या दिवशी किती मजूर बाया घरी बसतील, हे कोणत्याही योजनेच्या कागदावर मोजलेले नाही. एका गावातली वयस्क मजूर बाई आमच्या बैठकीत म्हणाली, "बाई, थे पोरगी उडवन मशीन, अन आमाले कोन बलावन निंदाले?" मला तिला देण्याजोगे उत्तर सापडले नाही. सरकारकडे असेल तर त्याने द्यावे.

आणखी एक बारकावा. योजनेत दुसऱ्या माणसाला ड्रोनची दुरुस्ती आणि मदत शिकवायची सोय आहे. तो गटातला सदस्य असू शकतो किंवा कुटुंबातला. कुटुंबातला म्हणजे कोण, ते आपण सांगायला नको. ग्रामपंचायतीत सरपंचपती पाहिला, आता ड्रोनपती पाहायचा. आणि ड्रोन चालवण्याच्या प्रमाणपत्रासाठी कायद्याने दहावी पास असावे लागते. शाळा सुटलेल्या शेतमजूर बाया तिथेच गळतात.

ड्रोनचे प्रशिक्षण बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाया ते शिकल्या, त्या उन्हातान्हात यंत्र घेऊन फिरतात, त्यांच्या हिमतीला सलाम. पण पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्राला 'पायलट' नाव देऊन खऱ्या परवान्याची मागणी झटकून टाकू नका. विमानाच्या कॅप्टनला पगार असतो, रजा असते, बाळंतपणाची रजा असते, निवृत्ती असते. ड्रोन दीदीला यातले काहीही नाही. एकीला नोकरी म्हणतात, दुसरीला 'उद्योजिका' म्हणून कर्जात ढकलतात.

आपल्या मैत्रिणींच्या प्रश्नाला उत्तर

आता पन्नास लाखांच्या प्रश्नाकडे. पहिली गोष्ट, आम्ही बचत गटांचा, अंगणवाडीचा किंवा निराधार योजनेचा एक रुपयाही मागत नाही. वणी, मारेगाव, झरी-जामणीच्या पट्ट्यातून कोळसा आणि चुनखडी निघते. तिथल्या खाणींवरचा पैसा २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतो. खाणीने बाधित झालेल्या माणसांसाठी तो आहे, आणि कौशल्य विकास हा त्या निधीचा अग्रक्रमाचा विषय आहे. तो रस्त्यांवर आणि सभागृहांवर जाण्याऐवजी खाणीच्या धुळीत वाढलेल्या मुलीवर गेला तर कोणत्या गरीब बाईचे काय कमी होणार?

दुसरी गोष्ट. यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे एक डॉक्टर घडवायला जनतेचे किती लाख लागतात हे आपण कधी विचारत नाही, आणि विचारूही नये, कारण डॉक्टर गरजेचा. पण मग लाखांचे नाव काढल्यावर आपल्याला धसका फक्त आपल्या पोरींच्या वेळीच का बसतो? स्वस्तातले तेच आपले, हे आपल्याही मनात इतके भिनले आहे का?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काही मुली वैमानिक झाल्याने जिल्ह्याचे दारिद्र्य हटणार नाही, हे आम्हालाही कळते. पण कोणते काम कोणाचे, ही रेघ कुठेतरी पुसावी लागते. एस.टी.चेच बघा. २०१९ मध्ये महामंडळाने महिला चालकांची निवड केली, त्यात आपल्या यवतमाळच्या आदिवासी मुलीही होत्या. त्यासाठी उंचीच्या, अनुभवाच्या जुन्या अटी सैल कराव्या लागल्या, कारण त्या पुरुष मनात धरूनच केलेल्या होत्या. मग कोविड आला, दिरंगाई झाली, मुली वाट पाहत राहिल्या. लाल गाडीच्या स्टिअरिंगवर बाई दिसायला २०२३ उजाडले. त्या मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च बापाने केला नाही, महामंडळाने केला, आणि शेवटी नोकरी होती. आम्हाला वैमानिक प्रशिक्षणातही हाच नमुना हवा आहे.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत १९३९ मध्ये सरकारने महाविद्यालयीन तरुणांना सरकारी खर्चाने विमान शिकवण्याचा मोठा कार्यक्रम काढला. मुलींना प्रवेश होता, पण दहा मुलांमागे एक मुलगी, या मापाने. १९४१ मध्ये युद्धाचे ढग जमल्यावर तेही दार बंद केले. आणि दोनच वर्षांत पुरुष वैमानिक कमी पडले, तेव्हा लष्करी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर न्यायला त्याच बायकांना बोलावले. काम लष्कराचे, दर्जा मात्र नागरी नोकराचा. लष्करी सेवेची मान्यता मिळायला १९७७ साल यावे लागले. सरकारी पैशाच्या मापात बाईला दहावा हिस्सा मिळतो आणि गरज पडली की पूर्ण काम मागितले जाते, हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. पण त्याच कार्यक्रमात टस्केगीसारख्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला जागा मिळाली आणि त्यातून काळे वैमानिक उभे राहिले. सरकारी पैसा आला नसता तर त्यांना विमान कोणी शिकवले असते?

कोरा धनादेश नको

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगते, कारण उद्या हीच मागणी घेऊन खासगी संस्थांचे दलाल आपल्या दारात येतील. आपल्याच राज्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नावाखाली खासगी संस्थांनी मुलांची नावे वापरून सरकारी पैसा लाटला आणि चौकशीला विशेष तपास पथक नेमावे लागले. नावे दलित-आदिवासी मुलांची, पैसा संस्थाचालकांचा. वैमानिक प्रशिक्षणात रकमा मोठ्या, म्हणजे मोहही मोठा.

जिवाचाही प्रश्न आहे. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमाने पडली आणि तिथल्या संस्थेचे उड्डाण थांबवावे लागले. आपण आपल्या पोरी पाठवणार असू तर विमाने, देखभाल, प्रशिक्षक यांचा हिशेब मागण्याचा अधिकारही आपला.

आणि बेकारी. २०२३ मध्ये देशात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. परवाना घेऊन घरी बसलेली, कर्जाचे हप्ते फेडणारी मुले आज आहेत. श्रीमंत घरची मुलगी दोन वर्षे वाट पाहू शकते. आमच्या मुलीला दोन महिन्यांत लग्नाचे स्थळ येते. म्हणून प्रमाणपत्रावर थांबणारी योजना आम्हाला नको.

आमच्या मागण्या

एक. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, आदिवासी विकास आणि कौशल्य विकास यांच्या निधीतून यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलींसाठी वैमानिक प्रशिक्षणाच्या ठरावीक जागा दरवर्षी राखून ठेवाव्यात. त्यात कोलाम, गोंड, बंजारा, दलित मुली आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या मुली यांना पहिला हक्क असावा.

दोन. पैसा सरकारने थेट आणि वेळेवर भरावा. 'आधी भरा, मग मागा' ही रीत बंद व्हावी. तारण, जामीन, वडिलांची सही यांची अट नसावी.

तीन. पांढरकवडा आणि पुसद या दोन्ही आदिवासी प्रकल्पांत किमान एकेका आश्रमशाळेत अकरावी-बारावी विज्ञान शाखा चांगल्या शिक्षकांसह चालवावी. बारावीनंतर गणित आणि इंग्रजीच्या तयारीचे एक निवासी वर्ष द्यावे. दहावीपासूनच आरोग्य तपासणी आणि आहार द्यावा, नाहीतर अंगात रक्त कमी म्हणून मुलगी वैद्यकीय तपासणीतच अडकू शकते.

चार. परवान्यानंतरचे मोठ्या विमानाचे प्रशिक्षण याच खर्चात धरावे. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी सार्वजनिक जमीन घेणाऱ्या कंपनीवर विदर्भातल्या मुलींसाठी जागा आणि नोकरी देण्याची अट करारातच घालावी. विमानाची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांच्या जागांनाही हेच लागू करावे.

पाच. प्रशिक्षण संस्थेच्या सुरक्षिततेचा आणि लैंगिक छळविरोधी समितीचा अहवाल दरवर्षी जाहीर करावा. पैसा कोणत्या मुलीसाठी किती गेला, ती आज कुठे आहे, हे जिल्हा परिषदेच्या फलकावर लागावे.

सहा. ड्रोन चालवणाऱ्या बायांना ठरावीक मानधन, विमा, संरक्षक साहित्य मिळावे. गटावरचे कर्ज माफ व्हावे. आणि ड्रोनमुळे ज्यांचे निंदण गेले त्या मजूर बायांना पावसाळ्यात रोजगार हमीचे काम मिळावे.

आता काय करायचे

मैत्रिणींनो, अर्ज देऊन वाट पाहण्याचे दिवस आपण कधीच मागे टाकले आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या गटाने माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारावेत. गेल्या पाच वर्षांत आपल्या तालुक्यात स्त्रियांच्या प्रशिक्षणावर किती खर्च झाला? कोणत्या कामांचे प्रशिक्षण दिले? त्यातल्या किती जणी आज त्या कामातून कमावतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतील. तिसऱ्याचे उत्तर कसे येते ते मुद्दाम बघा आणि आम्हाला कळवा. खाणपट्ट्यातल्या गावांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा की खनिज निधीतला प्रशिक्षणाचा वाटा आमच्या मुलींच्या उच्च प्रशिक्षणावर खर्च व्हावा. जिल्हा नियोजन समितीची बैठक असेल त्या दिवशी आपण हे ठराव घेऊन कलेक्टर कचेरीपुढे बसू.

आणि एक काम घरचे. आपल्या गटातल्या ज्या बाईची पोरगी दहावीला आहे आणि गणितात बरी आहे, तिच्या घरी जाऊन बसा. तिच्या मायला आणि बापाला विचारा, "पोरीले सायन्सले टाकता का?" ते हसतील, सरकारी साहेब हसले तसेच. हसू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.